नावेवरचा शेवटचा हात



या व्याख्यानमालेत तुम्ही मोठमोठ्या विषयांवर विद्वानांची भाषणे ऐकत आला आहात. आज त्या जागी एक निवृत्त शाळामास्तर उभा आहे आणि त्याचा विषय आहे घरी बांधलेली एक लाकडी डोणी. त्यातही पुन्हा हा मास्तर पेडगावचा! ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण आपणा सर्वांस ठाऊक आहे. म्हणीतले पेडगाव श्रीगोंदे तालुक्यात भीमेच्या काठी आहे, बहादूरगड तेथलाच. माझे पेडगाव परभणी जिल्ह्यातले, परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. परंतु मी अंगणात होडी बांधावयास घेतली तेव्हा गावातल्या लोकांनी ती म्हण माझ्या नावावर लिहून टाकली. “मास्तर, पाणी कुठं आहे?” असे जो तो विचारी. प्रश्न रास्त होता. आमच्याकडे नद्या चार महिने वाहतात आणि आठ महिने वाळू दाखवितात.

तरीही मी ती बांधली. कशी बांधली याचे सविस्तर आख्यान मी लावणार नाही. बांधून झाल्यावर पुढे काय करावे लागते, एवढेच सांगावयास मी आलो आहे. कारण माझी चूक तेथे झाली, आणि त्या चुकीने मला जे शिकविले ते केवळ होडीपुरते नाही.

प्रथम तिचे रूप सांगतो. लांबी सुमारे साडेचार मीटर, मधली रुंदी ऐंशी सेंटिमीटर, दोन्ही टोके निमुळती. इंग्रजीत अशा नौकेला कनू म्हणतात. आपण डोणी म्हणू. भारतीय मानकांत समुद्री प्लायवूडसाठी 710 क्रमांकाचे मानक आहे, त्या प्रतीचे सहा मिलिमीटर जाडीचे तक्ते मी आणले. ते आकारात कापले, कडेला गिरमिटाने भोके पाडली आणि तांब्याच्या तारेने एकमेकांना चक्क टाके घातले. मग आतून-बाहेरून सांध्यांवर काचतंतूची पट्टी ठेवून इपॉक्सी नावाच्या राळेने ते पक्के केले. शिवून आणि चिकटवून होडी करण्याची ही रीत 1963 साली इंग्लंडात ‘मिरर’ नावाच्या छोट्या होडीने घरोघरी पोहोचविली. एका वृत्तपत्राच्या पाठबळाने निघालेल्या त्या होडीच्या सत्तर हजारांवर प्रती सामान्य माणसांनी आणि कारखान्यांनी मिळून बांधल्या.

पण शिवलेल्या नावेचे आपल्याला काय कौतुक? आपल्याच मराठवाड्यात, अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातल्या एका जहाजाचे चित्र आहे. त्या चित्रावरून आपल्या नौदलाने अलीकडे एक जहाज बांधून घेतले. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असून सांधे नारळाचा काथ्या आणि राळ यांनी बुजविलेले आहेत. ‘कौंडिण्य’ असे नाव देऊन 21 मे 2025 रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल करण्यात आले. म्हणजे पाण्यापासून एवढ्या दूरच्या डोंगरात बसलेल्या चित्रकारालाही जहाज ठाऊक होते. तेव्हा पेडगावात एखाद्याने डोणी बांधली, तर त्यात वेड पांघरण्यासारखे काही नाही, असे मी माझ्या मनाचे समाधान करून घेतले.

असो. डोणीचा सांगाडा उभा राहिला, सांधे वाळले, आणि मला घाई झाली. श्रावण संपत आला होता, दुधनेला पाणी होते. आमच्या मिस्त्रींनी सांगितले, “गुरुजी, अजून पुष्कळ काम आहे. पॉलिश पेपर मारायचा, लांबी भरायची, हात द्यायचे, बैठका नीट करायच्या.” मी म्हणालो, “तरंगते ना? मग झाले तर!”

आम्ही ती बैलगाडीत घालून नदीवर नेली. मी, माझा पुतण्या आणि एक शेजारी असे तिघे बसलो. होडी तरंगली. टाळ्या वाजल्या. काठापासून पंचवीस-तीस हातांवर गेलो असू, तोच पुतण्याने मागे वळून काठावरच्या मित्रांना हात केला. होडी कलंडली, एका अंगाने पाणी आत आले, आम्ही घाबरून दुसऱ्या अंगाला झुकलो, तिकडूनही आले. पुढच्या क्षणी आम्ही तिघेही पाण्यात होतो. एकुलते एक वल्हे प्रवाहाबरोबर निघून गेले. होडी काठोकाठ भरून पाण्याखाली गेली आणि तिला धरावे तर ती आमच्यासह खाली जाऊ लागली. देवाची कृपा म्हणा की दुधनेची, त्या जागी पाणी छातीइतकेच होते. ते डोक्याइतके असते तर आज हे भाषण झाले नसते. शेजाऱ्याला पोहता येत नव्हते, ही गोष्ट त्याने मला काठावर आल्यावर सांगितली. आणि मी ती आधी विचारली नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. आपल्या भाषेत तरणे आणि तारणे ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी राहतात. ओंडका तरतो, भोपळा तरतो, रिकामा डबाही तरतो. परंतु माणसाला पैलतीरी नेऊन सुखरूप परत आणणे याला तारणे म्हणतात. माझी डोणी तरणारी होती, तारणारी नव्हती. या दोहोंमधले जे अंतर आहे, तेच मिस्त्रींचे ‘पुष्कळ काम’ होते.

मग आम्ही ती पुन्हा अंगणात आणली आणि दसऱ्यापर्यंत सगळे नव्याने केले. त्यातल्या मुख्य गोष्टी आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट बैठकीची. मी बैठका ऐटीत होडीच्या काठाइतक्या उंच बसविल्या होत्या. कडब्याने वरपर्यंत भरलेली गाडी उताराच्या वाटेवर का उलटते, हे तुम्हाला मी सांगावयास नको. भार जितका वर, तितकी गाडी डळमळीत. पाण्यावरही न्याय तोच. होडी कलली म्हणजे पाण्याची उचल कललेल्या बाजूला सरकते आणि तिला पुन्हा सरळ करू पाहते. पण बसणाऱ्याचा भार उंचावर असेल तर तो त्या उचलीच्याही पलीकडे जातो आणि होडी उलटते. आम्ही बैठका खाली आणून तळापासून वीतभर उंचीवर ठेवल्या. एवढ्या एका बदलाने तीच होडी शहाणी झाली.

त्याचबरोबर भाराचे गणित केले. आर्किमिडीज आपण शाळेत शिकलो, तो येथे कामी आला. या आकाराची डोणी पाण्यात दहा सेंटिमीटर बसली म्हणजे साधारण एकशे ऐंशी किलो पाणी बाजूला सारते. म्हणजे आणखी एक सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे वीस किलो पुरतात. तिघे प्रौढ बसले की काठ पाण्याच्या किती जवळ येतो, हे कागदावर पाच मिनिटांत कळले असते. मी मुलांना हे गणित कित्येक वर्षे शिकविले. स्वतःसाठी मात्र एकदाही मांडले नाही. आता होडीच्या आतल्या अंगाला रंगाने लिहिले आहे: ‘दोन माणसे.’

दुसरी गोष्ट पेटीची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. काठोकाठ भरलेल्या माझ्या डोणीत सुमारे सहाशे लिटर पाणी मावते. म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक वजन. ते पाण्यात उभे राहून कोणी उचलील ही गोष्टच सोडा. म्हणून पाणी भरले तरी होडी वर राहिली पाहिजे, अशी तजवीज आधीच करावी लागते. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्तांना भवसागर उतरविणारा देव कोणाला कासेला लावतो, कोणाला तराफ्यावर घेतो, तर कोणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून तीराला आणतो. ही पेटी म्हणजे पोहणाऱ्याच्या अंगाला बांधावयाचा तरंगता आधार. ज्या कवीला तो दृष्टान्त सुचला, त्याने गोदेच्या काठी अशा पेट्या बांधून पोहणारी माणसे पाहिली असली पाहिजेत. सातशे वर्षांपूर्वी ज्याची गरज लोकांना कळत होती, ते मी विसरलो होतो.

आम्ही डोणीच्या दोन्ही टोकांना आडव्या फळ्या घालून दोन बंद कप्पे केले. प्रत्येकात चाळीसएक लिटर हवा राहते, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ऐंशी किलोंची उचल. ज्याला इतके सुतारकाम जमणार नाही त्याने वीस लिटरचे प्लास्टिकचे रिकामे कॅन, बूच घट्ट लावून, दोन्ही टोकांना पक्के बांधावेत. एकेक कॅन जवळजवळ वीस किलो उचलतो. बंद कप्प्याला मात्र एक बूच हवे. उन्हात कप्प्यातली हवा पंचवीस अंशांवरून पंचेचाळीसवर गेली की तिचे आकारमान सुमारे सात टक्क्यांनी वाढू पाहते आणि सांध्यांवर ताण येतो. जमिनीवर असताना बूच उघडे ठेवावे म्हणजे आतला ओलावाही निघून जातो. पाण्यात उतरण्यापूर्वी ते आठवणीने बंद करावे.

कोकणातल्या लोकांनी हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडविला आहे. मालवणकडच्या लहान होड्यांना एका अंगाला उलांडी असते. दोन आडव्या काठ्या बाहेर काढून त्यांच्या टोकांना एक हलका ओंडका बांधलेला असतो. होडी त्या अंगाला कलू लागली की ओंडका पाण्यात दबत नाही. दुसऱ्या अंगाला कलू लागली की त्याचे वजन तिला मागे ओढते. चालता येऊ लागलेल्या मुलाचा हात आईने धरावा, तसा तो ओंडका होडीचा हात धरून चालतो.

तिसरी गोष्ट रंगरोगणाची. पुष्कळांना वाटते की रंग ही शोभेची बाब आहे. मलाही तसेच वाटत होते. वस्तुतः प्लायवूडला पाणी मिळते ते त्याच्या कापलेल्या कडेतून. लाकडाच्या नळ्या तेथे उघड्या पडलेल्या असतात आणि त्या पाणी ओढून घेतात. म्हणून प्रत्येक कापलेल्या कडेला आणि स्क्रूच्या प्रत्येक भोकाला इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावे लागतात. हे पाण्यापासूनचे रक्षण झाले. परंतु इपॉक्सीला स्वतःला एक शत्रू आहे, आणि तो आमच्या परभणीत मुबलक आहे: ऊन! सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी हळूहळू पिवळी पडते, भुकटी होऊ लागते. म्हणून तिच्यावर रंगाचे किंवा ऊन सोसणाऱ्या वार्निशाचे हात हवेतच. त्याआधी एक काम विसरू नये. इपॉक्सी वाळल्यावर तिच्यावर कधी कधी मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने घासून धुवावा, मग पॉलिश पेपर मारावा, नाहीतर रंग धरत नाही आणि पापुद्रे सुटतात. रंगाचे काम सकाळी लवकर करावे. दुपारच्या उन्हात वार्निश वरून वाळते, आतून ओले राहते आणि त्यावर फोड येतात.

काठपट्ट्या, वल्ह्याचा दांडा, आडव्या फळ्या यांना मी उघडे ठेवून जवसाचे तेल पाजले. जवस आपल्या शेतातला. त्याचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून रंगारी त्याला मान देतात. आमच्याकडच्या करडईच्या तेलातही हा गुण काही प्रमाणात आहे. उत्तर अमेरिकेतले आदिवासी भूर्जाच्या सालीची होडी करतात, तेव्हा तिचे सांधे झाडाचा डिंक आणि चरबी एकत्र तापवून बुजवितात. आपल्या किनाऱ्यावर राळ आणि तेल वापरतात. पृथ्वीच्या दोन टोकांना माणसे एकाच निष्कर्षाला आली, कारण पाणी दोन्हीकडे सारखेच शिरते. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सुटते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात.

चौथी गोष्ट बारीकसारीक सामानाची. मी बाभळीच्या आडव्या फळीत लोखंडी स्क्रू मारले होते. महिन्याभरात त्यांच्याभोवती काळे डाग पडले. बाभळीत टॅनिन असते, त्याच्या जोरावर तर तिची साल कातडे कमावण्यास वापरतात. ओल आणि लोखंड मिळाले की ते काळे पडते आणि स्क्रूही गंजतो. आता सगळे पितळेचे आहेत. वल्हेही मी मजबूत म्हणून बाभळीचे केले होते. अर्ध्या तासात खांदे भरून आले. नवी वल्ही हलक्या शिवणीची केली, उभ्या माणसाच्या हनुवटीपर्यंत उंच, आणि एक नव्हे तर दोन. दोर घेतला तो पाण्यावर तरंगणारा. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो, नायलॉनचा बुडतो, आणि आपला अंबाडीचा भिजून भिजून कुजतो. पाणी उपसण्यासाठी डबा कापून केलेले एक भांडे दोरीने बांधून ठेवले, कारण न बांधलेली वस्तू गरजेच्या वेळी आधी पळते. आणि माणशी एक तरंगजाकीट. पोहता येणाऱ्यास सुमारे पाच किलो उचल देणारे पुरते; न येणाऱ्यास शांत पाण्यातसुद्धा दहा किलो उचलीचे लागते. हा खर्च मला जड वाटला, हे कबूल करतो. मग मला तो शेजारी आठवला.

सर्व झाल्यावर आम्ही एक गोष्ट केली ती ऐकून तुम्ही हसाल. कमरेइतक्या पाण्यात नेऊन आम्ही ती डोणी मुद्दाम बुडविली. घागरींनी पाणी भरले. पाणी भरत गेले आणि डोणी खाली जात गेली. पण दोन्ही टोके वर राहिली. पुतण्या तिच्या काठाला लोंबकळला तरी ती राहिली. मिस्त्री म्हणाले, “आता नारळ फोडा.” तेव्हा नारळ फोडला. पहिल्या वेळी आम्ही नारळ आधी फोडला होता.

आता पाण्याचे आठ महिने ती नसते, तेव्हा ती छपराखाली सावलीत, दोन घोड्यांवर पालथी ठेवलेली असते, जमिनीपासून हातभर वर, म्हणजे वाळवी चढली तर दिसते. दरवर्षी ज्येष्ठात तिच्यावर पॉलिश पेपर आणि रंगाचा एक हात फिरतो. शेवटचा हात म्हणतात खरा, परंतु तो दरवर्षी द्यावा लागतो, हेही मला उशिरा कळले.

सज्जनहो, एवढ्या क्षुल्लक डोणीसाठी तुमचा वेळ का घेतला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देऊन संपवितो. 2023 साली गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा गावची मुले जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ओलांडतात आणि शाळेत जातात, ही बातमी देशभर छापून आली. औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. ती बातमी वाचताना मला माझेच शब्द ऐकू आले: “तरंगते ना? मग झाले तर!” थर्माकोल तरतो, उत्तम तरतो. पण त्याला काठ नाही, पेटी नाही, दोर नाही, बसणाऱ्या मुलाच्या अंगात जाकीट नाही. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षांच्या सप्टेंबरात मराठवाड्याने पूर पाहिले. आमचा मुलूख अवर्षणाचा म्हणून पाण्यावरचे शहाणपण आमच्याकडे कोणी साठवून ठेवले नाही, आणि पाणी येते तेव्हा ते एकाएकी येते.

आपल्याकडे काम सुरू करणाऱ्यांची वाण नाही. धरण होते, आणि पलीकडच्या वस्तीची वाट राहून जाते. शाळा होते, आणि शाळेपर्यंतचा पूल राहतो. होडी होते, आणि पेटी राहते. शेवटच्या हाताला कोणी हार घालत नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, म्हणून तो राहतो. परंतु बुडणाऱ्याच्या दृष्टीने सगळी नाव त्या हातातच असते.

माझा तो शेजारी आता दर पावसाळ्यात माझ्याबरोबर येतो. चढण्यापूर्वी तो स्वतः कप्प्यांची बुचे तपासतो, जाकिटाचे बंद ओढून पाहतो, आणि मग मला विचारतो, “गुरुजी, झाली का तयार?” मीही हल्ली एकदम होय म्हणत नाही. पुन्हा एकवार बघतो, आणि मग म्हणतो.